दोनशे चौदा नंबरचा वाचक

सुकदेव सुरवाडेने जन्मभर एकच काम केलं, नंबर घेतले. भुसावळच्या यार्डात मालगाडी येऊन थांबली की हा माणूस वही-पेन्सिल घेऊन इंजिनापासून निघायचा आणि गार्डाच्या डब्यापाशी पोचेपर्यंत वाटेतल्या एकूणएक वॅगनचा नंबर उतरवून घ्यायचा. कोळशाच्या, सिमेंटच्या, सावद्याहून केळी भरून आलेल्या, रिकाम्या, सगळ्यांचा. असं बत्तीस वर्षं. रेल्वेच्या कागदात या कामाला भारदस्त इंग्रजी नाव आहे, पण कॉलनीत त्याला ‘नंबरवाला सुरवाडे’च म्हणत आणि त्याचं त्याला कधी वाईट वाटलं नाही. नंबर म्हणजे त्याच्या लेखी डब्याचा जीव. डबा कंडम होऊन मोडीत गेला की नंबरही त्याच्याबरोबर संपायचा. तोच नंबर दुसऱ्या डब्यावर आलेला सुकदेवने तरी कधी पाहिला नव्हता.

हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. नाहीतर पुढचं ऐकून तुम्ही म्हणाल, म्हाताऱ्याच्या डोक्यावर परिणाम झाला.

सत्त्याऐंशी साली तो रिटायर झाला. लेक करुणा धुळ्याला शाळेत शिकवायची, म्हणून तिच्याजवळ देवपुरात दोन खोल्या घेतल्या. वर्षभर घर लावण्यात गेलं. मग दिवसभर करायचं काय? सुकदेव खिडकीत बसून रस्त्यावरून जाणाऱ्या स्कूटरचे नंबर मनातल्या मनात वाचू लागला, तेव्हा त्याची बायको भागाबाई वैतागली. ती शिरपूरकडची, अस्सल अहिराणी. म्हणाली, “करुणाना बाप, आठे बशीसन भिंतले भोकं पाडू नका. जा कुठे तरी.” तसा तो एकोणनव्वदच्या जानेवारीत वाचनालयात गेला.

वाचनाची गोडी त्याला जुनीच होती, पण ती गोडी एकाच प्रकारच्या पुस्तकांची. ऐतिहासिक कादंबऱ्या त्याला मानवत नसत. त्यातल्या राजवाड्यांत आपल्या पणजोबाला नेमकं कुठे उभं केलं असतं, हे त्याला न वाचताच ठाऊक होतं. कौटुंबिक कादंबऱ्यांतली माणसं फार रडायची. त्याला आवडायच्या त्या विज्ञानाच्या कादंबऱ्या, उद्याच्या गोष्टी सांगणाऱ्या. उद्याच्या जगात कोणाची जागा अजून ठरलेली नसते, तिथे सुरवाडेही यानाचा कप्तान होऊ शकतो, असं त्याचं म्हणणं. हे म्हणणं मला तरी खोडून काढता येत नाही.

वाचनालय पांझरेच्या काठी, दोन खोल्यांचं. ते सांभाळणारे हिलाल आबा म्हणजे एक वल्लीच. तिथली रीत निराळी होती. ज्यांनी वाचनालय काढलं त्यांनी पहिल्याच वर्षी पितळेचे तीनशे बिल्ले पाडून घेतले होते, एक ते तीनशे. सभासदाला बिल्ला मिळायचा, तोच त्याचा नंबर. पुस्तक परत करताना मागच्या कोऱ्या पानावर आपला नंबर, तारीख आणि दोन ओळी अभिप्राय लिहायचा. नाव लिहायचं नाही. नाव लिहायचं झालं की माणूस खोटं लिहितो, असं संस्थापकांचं मत होतं. आणि अभिप्राय नाही तर दुसरं पुस्तक नाही. आबा पान उलटून बघत आणि कोरं दिसलं की पेन्सिल पुढे करत.

सुकदेवला दोनशे चौदा नंबरचा बिल्ला मिळाला. त्याने तो खिशात घातला आणि पहिली कादंबरी घरी नेली. तिच्यात सूर्य विझतो, सात महिने जग अंधारात राहतं, शेवटी शास्त्रज्ञ मिळून आकाशात आरसा टांगतात. सुकदेवने दोन दिवसांत वाचून काढली. सकाळी चहा पिताना तो भागाबाईला म्हणाला, “सात महिने ऊन नाही. मग गुरांना चारा कुठला? आणि हे सगळे शास्त्रज्ञ दर पानावर चहा पितात, त्यात दूध कुठलं?”

“माले काय माहीत? माले काय वाचता येस?” भागाबाई म्हणाली.

अभिप्राय लिहायला त्याने मागचं पान उघडलं. वर पाच-सहा अभिप्राय आधीचे होते. चौथा असा होता:

‘२१४. १९ जून १९७३. शास्त्रज्ञ पुष्कळ. पण सात महिने गुरांना चारा कुठला, आणि चहात दूध कुठलं?’

सुकदेवने बिल्ला खिशातून काढून पाहिला. दोन, एक, चार. मग त्याने पान पुन्हा वाचलं. त्र्याहत्तर साली तो भुसावळच्या यार्डात होता आणि धुळ्याचं वाचनालय त्याने स्वप्नातही पाहिलं नव्हतं.

“आबा, हे मी लिहिलेलं नाही,” तो वाचनालयात जाऊन म्हणाला.

हिलाल आबांनी चष्म्यातून पाहिलं. “तुम्ही कसाले लिहशात? आधीना दोनशे चौदा व्हता त्यानं शे ते. आपलाकडे बिल्ला तीनशेच शेतस, भाऊ. माणूस जास, बिल्ला राहस. एक गया की दुसराले देतस.”

“गेला म्हणजे?”

“गया म्हणजे गया. वारी गया. शेठ व्हता एक.” आणि त्यांनी पेन्सिल पुढे केली.

सुकदेवने लिहिलं, ‘२१४. ७ जानेवारी १९८९. वरच्याशी सहमत.’ दुसरं काय लिहिणार? पण घरी जाताना पुलावर त्याला उगाच मागे वळून पाहावंसं वाटलं. कंडम झालेल्या डब्याचा नंबर आपल्या पाठीवर रंगवून आपल्याला गाडीला जोडून दिलं आहे, असं काहीसं त्याला वाटत होतं.

तिथून ते सुरू झालं. विज्ञानाच्या कपाटातलं तो जे पुस्तक काढी त्याच्या मागच्या पानावर दोनशे चौदा आधीच येऊन गेलेला असे. बारीक, उभट अक्षर, पेन्सिलीचं. चंद्रावर तीनशे माणसांची वसाहत होते, त्या कादंबरीवर लिहिलं होतं, ‘तीनशे माणसं, आणि भाकरी कोण थापतं ते कुठेच नाही.’ सुकदेवच्या मनात तेच आलं होतं. त्याची आई कापसाच्या जिनिंगमध्ये रोजंदारीला जायची, दहा वर्षांचा असल्यापासून घरच्या भाकरी तो थापायचा. त्यामुळे कोणत्याही गोष्टीत माणसं जमली की यांना जेवायला कोण घालतं, हा प्रश्न त्याला आधी पडे. पण एका शेठला तो का पडावा?

सुकदेवने परीक्षा घ्यायची ठरवली. पुस्तक संपलं की मागचं पान न बघता आपला अभिप्राय आधी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर लिहायचा आणि मग पान उघडायचं. पहिल्या पुस्तकाला जुळला. दुसऱ्याला नाही, तेव्हा त्याने सुटकेचा श्वास सोडला. तिसऱ्याला जुळला आणि चौथ्याला इतका जुळला की त्याने कॅलेंडर गुंडाळून माळ्यावर टाकलं.

ती चौथी कादंबरी अशी. एक म्हातारा मरायला टेकलेला असतो, डॉक्टर त्याची सगळी स्मरणशक्ती काढून एका धडधाकट माणसाच्या डोक्यात ओततात. त्या दुसऱ्याला याचा पत्ता नसतो. त्याला फक्त हळूहळू निराळ्या गोष्टी आवडू लागतात, निराळ्या गोष्टींची भीती वाटू लागते, आणि एक दिवस आरशात बघताना आपलं नाव आठवायला त्याला वेळ लागतो. लेखकाने शास्त्रज्ञांचं फार कौतुक केलं होतं. सुकदेवने कॅलेंडरवर लिहिलं, ‘ज्याच्यात ओतलं त्याला कोणी विचारलंच नाही.’ मागच्या पानावर होतं, ‘२१४. २ ऑक्टोबर १९७५. ज्याच्यात ओतलं त्याला कोणी विचारलं का?’

आणखी एक गोष्ट त्याच्या ध्यानात आली. रेल्वेत त्याने सगळे आकडे इंग्रजी काढले होते. मराठी आकडे काढायची सवय मोडलेली. आता तो जो ४ काढत होता त्याला वर एक छोटी गाठ येत होती. दोनशे चौदाच्या चाराला तशीच गाठ होती. सतत तेच डोळ्यांसमोर असलं की हात तसा वळतो, हे त्याने स्वतःला शंभरदा समजावलं. तरी हिशेबाच्या कागदावर, दुधाच्या कार्डावर, जिथे तिथे तो गाठीचा चार बघून त्याच्या अंगावर काटा यायचा.

एप्रिल उजाडला. पांझरेत पाण्याचा टिपूस राहिला नाही. दुपारी देवपूर असं सामसूम व्हायचं की पंख्याचा आवाजही नकोसा वाटे. त्या दुपारी सुकदेवने कृत्रिम हृदयाची कादंबरी वाचली. छातीत यंत्र बसवलेला माणूस, किल्ली दिली की चालतो. मागच्या पानावर, ‘२१४. डिसेंबर १९७७. छातीत डावीकडे बारीक कळ, जिना चढताना. डॉक्टर वारा म्हणतात. असं यंत्र धुळ्याला कधी येणार?’

त्याच आठवड्यात जिना चढताना सुकदेवच्या छातीत डावीकडे बारीक कळ आली.

तो डॉक्टरकडे गेला. डॉक्टर म्हणाले, वारा आहे. डॉक्टर बिचारे हसून गोळ्या लिहून देत होते आणि हा त्यांच्याकडे यमाकडे बघावं तसा बघत होता.

मग त्याने तेच केलं जे त्याला येत होतं. कपाटातली सगळी पुस्तकं चाळून दोनशे चौदाच्या एकेका अभिप्रायाची तारीख उतरवून घेतली आणि ती ओळीने लावली, इंजिनापासून गार्डापर्यंत. एकूण एकसष्ट पुस्तकं. पहिलं एकाहत्तरचं. शेवटचं अठ्ठ्याहत्तरच्या मार्चमधलं. त्याच्यापुढे काही नाही. आणि त्या शेवटच्या पुस्तकाच्या मागच्या पानावरही काही नव्हतं. अभिप्राय आत होता, एकशे सत्त्याऐंशीव्या पानाच्या समासात. तिथे बारीक अक्षरात लिहिलं होतं, ‘२१४. मार्च १९७८. इथपर्यंत.’

“आबा, हा शेठ कशाने गेला?”

“छातीना झटका. आठ दिवसमा खलास,” आबा म्हणाले. “माणकचंद शेठ, धान्यवाला. भला माणूस व्हता.”

साठ पुस्तकं वाचून झाली होती. एकसष्टावं सुकदेवने मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात घरी नेलं. कोणी सांगितलं होतं का? नाही. न वाचता परत करता आलं असतं का? आलं असतं. पण वाचणाऱ्या माणसाला हे समजावून सांगायची गरज नाही, आणि न वाचणाऱ्याला सांगून उपयोग नाही.

कादंबरी अशी. चाळीस वर्षांपूर्वी एक यान अवकाशात हरवतं. त्यातून ना संदेश, ना खूण. सगळे त्याला विसरतात. मग एक दिवस ते सापडतं, काळं, थंड, नुसतं तरंगत असलेलं. एक माणूस दुसऱ्या यानातून त्याच्याजवळ जातो, दारापाशी पोचतो, दारावर हात ठेवतो. आणि एकशे सत्त्याऐंशीव्या पानाची शेवटची ओळ: ‘तेवढ्यात आतली कडी कोणीतरी काढली.’

समासात, त्या ओळीच्या अगदी शेजारी, ‘इथपर्यंत.’

सुकदेवला पान उलटता येईना. दोनशे चौदा इथे मेला आणि मीही दोनशे चौदा. ही ओळ ओलांडली की आपली गाडी संपली, असं त्याच्या मनाने घेतलं. पुस्तक मिटावं तर ती कडी कानात वाजत राही. दुपारी सगळं घर निजलेलं असताना ती हमखास वाजे, लोखंडाची, सावकाश सरकवलेली. जेवण जाईना. चढावा लागेल म्हणून जिना उतरणंच त्याने बंद केलं. बावीस दिवस पुस्तक त्या पानावर उघडं पालथं पडून होतं, आणि करुणा पुसायला गेली तर तो तिच्या अंगावर ओरडला. जन्मात कधी लेकीवर ओरडला नव्हता.

शेवटी भागाबाईनेच विचारलं. “तुम्हले काय व्हई राहिनं? ताट बठ्ठं तसंच शे.”

त्याने सगळं सांगितलं. तिने हसावं अशी त्याची इच्छा होती. ती हसली नाही. तिने पुस्तक पालथंच उचललं, हातात तोललं आणि म्हणाली, “मरेल माणूसना घर तर व्हई ना? जा, इचारी या. घरमा बशीसन कसं समजी?”

म्हणून सुकदेव पूल ओलांडून जुन्या धुळ्यात गेला. गल्ली विचारत विचारत माणकचंद शेठच्या पेढीवर पोचला. गादीवर शेठचा लेक सोहनलाल होता, चाळिशीचा, अदबशीर. पुस्तकाचं नाव काढल्यावर तो गोंधळला.

“बाबूजी आणि कादंबऱ्या? भाऊ, बाबूजी वही-खात्यापलीकडे एक अक्षर वाचत नसत. बिल्ला त्यांच्या नावावर होता. वाचायच्या त्या माँसा, माझी आई. आमच्याकडे बाया कुठे वाचनालयात जातात? गडी पुस्तकं आणून द्यायचा.”

सुकदेवचा हात आपसूक छातीवर गेला. “माँसा वारल्या?”

“नाही हो!” सोहनलाल म्हणाला. “मागे आहेत.”

मागे म्हणजे धान्याच्या पोत्यांची खोली ओलांडून, चौक ओलांडून, शेवटची खोली. सोहनलालने दार लोटून दिलं आणि तो गिऱ्हाइकाकडे परत गेला. आत पांढऱ्या साडीतली एक बारीक बाई पलंगावर भिंतीला टेकून बसली होती, याच माँसा, धनकुंवरबाई. तिने चेहरा दाराकडे केला, पण डोळे सुकदेवच्या खांद्यावरून पलीकडे कुठेतरी गेले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. पिकल्यावर काढू, असं डॉक्टर तीन वर्षं सांगत होते.

सुकदेवने नाव सांगितलं, वाचनालयाचं सांगितलं, कोणतं पुस्तक बरोबर आणलं ते सांगितलं.

धनकुंवरबाई ताठ बसल्या. “पुढे काय झालं?”

ना नमस्कार, ना बसा.

“कडी कोणी काढली?” त्यांनी पुन्हा विचारलं. “एकशे सत्त्याऐंशीव्या पानावर आहे. तुम्ही वाचलं असेल ना?”

“मी पण तिथेच अडकलोय,” सुकदेव म्हणाला. आणि मग शाळेतल्या पोरासारखं त्याने सगळं कबूल केलं. दुधाचं, भाकरीचं, ओतलेल्या स्मरणशक्तीचं, गाठीच्या चाराचं, कळेचं.

कळेचं ऐकून धनकुंवरबाईंनी तोंडाला पदर लावला. त्या हसत होत्या. “ती कळ माझी नव्हे भाऊ, यांची. डॉक्टर वारा म्हणाले, यांनी मान्य केलं, मला पटत नव्हतं. पण माझं कोण ऐकतंय? कुठे तरी लिहून ठेवावं म्हणून लिहिलं.”

दीड महिना जीव मुठीत धरून जी कळ सुकदेवने सांभाळली होती, ती अशा माणसाची निघाली ज्याने आयुष्यात एक पुस्तक उघडलं नव्हतं. त्याला हसू आलं आणि रडूही आलं. दोन्ही एकदम आल्यामुळे तो नुसताच खोकला.

“हे गेले, त्या बाराव्या दिवशी मुनीमजी आले,” धनकुंवरबाई सांगू लागल्या. “यांच्या नावाचं जे जे होतं ते परत करायचं होतं. बिल्ला, पुस्तक. पुस्तक माझ्या मांडीवर होतं. मी म्हटलं, एक मिनिट. पेन्सिल शोधली, कुठवर आलं ते लिहिलं. म्हटलं, सुतक फिटलं की मागवून घेईन. महिन्याने गड्याला पाठवलं. तो परत आला. म्हणाला, वाचनालयवाले म्हणतात, दोनशे चौदा वारले, आता पुस्तक मिळणार नाही.”

बाहेर चौकात कोणी तरी डाळ पाखडत होतं.

“मला वाटलं, खरंच की. वारले असेन. या खोलीत अकरा वर्षं झाली. कोणी वाईट वागत नाही. ताट येतं, औषध येतं. पण दोनशे चौदा वारले ते वारलेच. डोळे होते तोवर कोणी पुस्तक दिलं नाही, मी मागितलं नाही. दुपारी सगळे निजले की ती कडी वाजते. तुम्हालाही वाजते म्हणता?”

“वाजते,” सुकदेव म्हणाला.

“आधी वाटे, आत यानाचा कप्तान असेल. मग वाटे, कोणी परक्या ग्रहावरचं असेल. खूप वर्षं असले खेळ केले. मग एकदा मनात आलं, कोणीच नसलं तर? नुसती कडीच असली तर? त्या दिवसापासून मला आत कोण असेल याची नाही, कोणी नसेल याची भीती वाटते भाऊ. सुटका करा एकदाची. वाचा.”

सुकदेव पलंगाजवळच्या स्टुलावर बसला. पुस्तक उघडलं. एकशे सत्त्याऐंशीवं पान त्याने पहिल्यापासून मोठ्याने वाचलं, काळं यान, थंड दार, दारावरचा हात. धनकुंवरबाईंचे ओठ त्याच्याबरोबर हलत होते. ते पान त्यांना शब्दन् शब्द पाठ होतं. ‘तेवढ्यात आतली कडी कोणीतरी काढली,’ दोघांनी एकदम म्हटलं. खोलीत गारठा आल्यासारखं वाटलं, आणि बाहेर तर मे महिना होता.

सुकदेवने डोळे मिटले, भागाबाईचं नाव घेतलं आणि पान उलटलं.

आधी त्याने मनातल्या मनात वाचलं. एकशे अठ्ठ्याऐंशीव्या पानावर लेखक महाशयांनी सगळं समजावून सांगितलं होतं. यानातलं जुनं यंत्र अजून चालू होतं. बाहेर दुसरं यान आल्याचा इशारा मिळताच त्याने दार आपोआप उघडलं. आत कोणीही नव्हतं. चाळीस वर्षांची धूळ, आणि रिकाम्या खुर्च्या. पुढची तीन पानं यंत्राच्या वर्णनाची.

कोणी नव्हतं! सुकदेवच्या छातीवरचं ओझं उतरलं. ना भूत, ना यम. एक यंत्र होतं, त्याने आपलं काम केलं होतं. भुसावळला पाठीमागे कोणी नसताना खाली पडणारे सिग्नल त्याने हजार पाहिले होते. तो जिवंत होता आणि आज जिना चढून घरी जाणार होता. त्याला इतकं बरं वाटलं की तो वाचायला तोंड उघडणारच होता.

मग त्याने समोर पाहिलं. धनकुंवरबाई दोन्ही हात मांडीवर ठेवून, मान जराशी पुढे काढून बसल्या होत्या. डोळे पांढुरके, उघडे, दाराकडे लागलेले. अकरा वर्षं त्याच दाराच्या आतल्या बाजूला त्या होत्या, हे सुकदेवला तेव्हा कळलं. जी ओळ वाचून त्याचा जीव वाचला होता, तीच ओळ मोठ्याने वाचली तर या बाईचा जाणार होता.

“उलटलं ना पान?” त्यांनी विचारलं. “मला आवाज आला.”

“उलटलं.”

“मग? आत कोण आहे?”

सुकदेवने घसा साफ केला. बोट ओळीवर ठेवलं, म्हणजे वाचतोय असं स्वतःलाही वाटावं.

“‘आत एक बाई होती,’” त्याने वाचलं.

धनकुंवरबाईंनी श्वास घेतला तो सोडलाच नाही. “जिवंत?”

“‘जिवंत,’” सुकदेवने वाचलं. त्याला घाम फुटला होता. पुढे काय, त्याला काही माहीत नव्हतं. “‘केस पांढरे झाले होते. पण ती उभी होती. कडीवर तिचा हात होता.’”

“काय म्हणाली ती त्याला?”

सुकदेव धुळीच्या आणि रिकाम्या खुर्च्यांच्या ओळींकडे बघत राहिला. तिथे काही सापडण्यासारखं नव्हतं. मग पलंगावरच्या त्या चेहऱ्याकडे बघितलं आणि तिथलंच त्याने वाचलं.

“‘ती म्हणाली, इतका उशीर का केलात?’”

धनकुंवरबाईंनी मान हलवली, दोनदा, सावकाश. त्यांच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि ते पुसायचं त्यांच्या ध्यानात नव्हतं.

“बरोबर,” त्या म्हणाल्या. “मीही हेच विचारलं असतं. वाचा पुढे.”